सशाला ससाच राहू दे

अगं, तुझी गोष्ट सावकाश, मन लावून वाचली. जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवसभर पोट्ट्यांमागं धावून रात्री तू लिहायला बसतेस, याचंच मला आधी कौतुक. वावरातून बियाण्याचं पोतं नाहीसं होतं आणि ससा त्याचा छडा लावतो, ही कल्पना छान आहे. वाक्यं लहान आहेत, भाषा तोंडात बसणारी आहे, पोरं कुठं हसतील हे तुला बरोबर ठाऊक आहे. तेव्हा लिहिणं थांबवू नको, हे पहिलं. आता मोठी बहीण म्हणून जे सांगायचं ते सांगते. तुझ्या सशाच्या अंगातला तो लांब कोट काढून टाक. हातातलं भिंगही काढून घे. सशाला ससाच राहू दे.

काहून म्हणशील, तर असं बघ. तुझा ससा भिंगातून ठसे बघतो, वहीत टिपणं काढतो, साक्षीदारांना बोलावून उलटसुलट विचारतो. हे काम एखादा जमादारही करेल. मग ससा कशाला हवा? सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. तो दिवेलागणीनंतर बाहेर पडतो, म्हणजे गाव झोपल्यावर वावरात काय चालतं ते त्याला माहीत. जरा खुट्ट झालं की तो जागच्या जागी दबून बसतो आणि कानोसा घेतो. भित्र्या जिवाइतकं बारीक लक्ष दुसऱ्या कुणाचं नसतं. एवढं सगळं त्याच्यापाशी असताना त्याला कोट कशाला? प्राणी तपास करतो त्या गोष्टीची सारी गंमत इथंच आहे. जे माणसाला कळत नाही ते त्या प्राण्याला त्याच्या नाकानं, कानानं, सवयीनं कळलं पाहिजे. कोडं असं घाल की ते त्याच्यावाचून सुटूच नये.

तू म्हणशील, परदेशी पुस्तकांत तर प्राणी माणसासारखेच वागतात. वागतात खरे. वॉल्टर ब्रूक्स या अमेरिकन लेखकानं १९३२ साली ‘फ्रेडी द डिटेक्टिव्ह’ लिहिलं. त्यातलं फ्रेडी नावाचं डुक्कर शेरलॉक होम्सच्या गोष्टी वाचून शेतावरच्या चोऱ्यांचा तपास करू लागतं. १९५८ साली ईव्ह टायटसचं ‘बेसिल ऑफ बेकर स्ट्रीट’ आलं. त्यातला उंदीर होम्सच्याच घराच्या तळघरात राहतो. दोन्ही पुस्तकं गोड आहेत, मिळाली तर जरूर वाच. पण ती वाचणाऱ्या पोरांच्या घरी होम्स आधीच पोचलेला होता, म्हणून ती नक्कल रंगली. तुझ्या वर्गातल्या पोरीला बेकर स्ट्रीट कुठून माहीत असणार? तिला धुरा माहीत आहे, नाला माहीत आहे, गोठा, बंडी, कुटाराचा ढीग माहीत आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठव. तो फुरसुंगीचा होता, सायकलवरून पुण्याच्या खऱ्या रस्त्यांनी हिंडायचा, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पोरांना तो आपला वाटला.

होम्सकडून काही घ्यायचंच असेल तर १८९२ सालच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या गोष्टीतला कुत्रा घे. तबेल्यातून रातोरात शर्यतीचा घोडा नेला जातो आणि तिथला कुत्रा भुंकत नाही. होम्स तेवढंच हेरतो: कुत्रा भुंकला नाही, म्हणजे आलेला माणूस त्याच्या ओळखीचा होता. कुत्र्यानं कोट घातला नाही, एक शब्द बोलला नाही, तरी सगळ्या गोष्टीची किल्ली त्याच्यापाशी होती. हे कसब शिकण्यासारखं आहे.

पण इतक्या लांब जायची गरजच काय? आपल्या पंचतंत्रात एक असा तपास आहे की मला तो जगातल्या कुठल्याही गुप्तहेरकथेच्या पंगतीला बसवावासा वाटतो. ‘काकोलूकीय’ या तिसऱ्या तंत्रातली ती बोलक्या गुहेची गोष्ट. सिंहाचं नाव खरनखर आणि कोल्ह्याचं दधिपुच्छ. भुकेला सिंह शिकार मिळेना म्हणून एका रिकाम्या गुहेत शिरून बसतो. ज्याची गुहा आहे तो रात्री परत येईलच, हा त्याचा हिशेब. कोल्हा येतो आणि दाराशीच थबकतो. मातीत सिंहाची पावलं आत गेलेली दिसतात, बाहेर आलेली दिसत नाहीत.

आता इथं थांब आणि कोल्ह्याचं डोकं कसं चालतं ते बघ. आधी त्यानं पाहिलं: पावलं आहेत, आणि ती एकाच दिशेची आहेत. मग शंका घेतली: सिंह आत असावा. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्याला कळतं. पळून जावं तर हक्काचं घर सुटतं, आत जावं तर जीव जातो. म्हणून तो पारख करायचं ठरवतो. बाहेरूनच गुहेला हाक मारतो आणि म्हणतो, आपलं ठरलंय ना, मी आलो की तू ओ द्यायची, मग आज गप्प का? आत सिंहाला वाटतं, ही गुहा रोज बोलत असेल, माझ्या भीतीनं आज मुकी झाली असेल. तो ओ देतो, सगळं रान दणाणतं आणि कोल्ह्याला उत्तर मिळतं. पाहणं, शंका घेणं, पारख करणं आणि मग ठरवणं, या चार पायऱ्या त्या एवढ्याशा गोष्टीत आहेत. आणि कोल्हा काही कुणाला पकडत नाही, बेड्या घालत नाही. तो फक्त वाचतो. पोरांना हे फार आवडतं, कारण तेही लहान आहेत आणि मोठ्यांच्या जगात त्यांनाही अकलेनंच वाट काढावी लागते.

तुझ्या सशाकडून एवढी एक पारख करवून घे. सध्या तो ठसा पाहतो आणि लगेच चोराचं नाव सांगतो. मध्ये शंका नाही, पारख नाही. तिथं गोष्ट लंगडी पडते.

आता जागेचं बोलू. तू गोष्टीत नुसतं ‘एक गाव होतं’ म्हणून मोकळी झालीस. अगं, तू राहतेस कौंडण्यपुरात! रुक्मिणीचं माहेर हे. रुक्मिणीनं गुपचूप द्वारकेला निरोप धाडला आणि अंबिकेच्या देवळातून श्रीकृष्ण तिला घेऊन गेले, ही कथा इथल्या पोरांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. चोरून पाठवलेलं पत्र, ठरलेली जागा, ठरलेली वेळ! याहून चांगली सुरुवात कुठल्या रहस्यकथेला मिळणार? आषाढीसाठी इथून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीची परंपरा चारशे वर्षांहून जुनी सांगतात. खाली वर्धा नदी आहे आणि पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. गावालगतच्या टेकाडांवर १९६०च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षितांनी उत्खनन केलं आणि जुन्या वस्तीचे थर उजेडात आणले. उत्खनन करणारेसुद्धा तपासच करतात. फुटक्या खापराच्या काठावरून, रंगावरून ते भांडं कुठल्या काळातलं ते ओळखतात. तुझ्या गोष्टीत घोरपडीनं किंवा उंदरानं बीळ उकरताना असं खापर वर आणलं, तर पोरं दुसऱ्या दिवशी टेकाडाकडं वेगळ्या नजरेनं बघतील. फक्त एक सांभाळ: जुनी वस्तू सापडली की खिशात घालायची नसते, मोठ्यांना सांगायची असते, हे गोष्टीतूनच कळू दे.

आणि वावर तर पुराव्यांनी भरलेलं असतं. एका हरभऱ्याच्या तुकड्यात रात्री नुकसान झालं असं समज. कोण येऊन गेलं ते शेतकऱ्याच्या पोराला सकाळी बरोबर वाचता येतं. रानडुक्कर आलं असेल तर माती मुसकटानं उकरलेली, झाडं मुळासकट उलटी पडलेली. रोही आलं असेल तर शेंडे खुडलेले आणि दुभंगलेल्या खुरांचे मोठे ठसे; शिवाय रोही ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतं, त्याचा ढीग धुऱ्यालगत सापडतो. साळिंदर आलं असेल तर कुरतडल्याच्या खुणा आणि नशिबानं एखादा काटा. मोरांची पावलं तीन बोटांची. वानरांनी खाल्लं असेल तर घाटे हातानं तोडलेले, अर्धे खाऊन फेकलेले. यातलं काहीच मी पुस्तकातून सांगत नाही. तुझ्या वर्गातल्या पोरांना विचार, ती याहून जास्त सांगतील.

यावर एक कोडं असं रचता येईल. जागल करणारा माणूस सकाळी मालकाला सांगतो, रात्री वानरांचा कळप आला आणि हरभरा खाऊन गेला. सगळ्यांना पटतं. पण तुझ्या सशाला पटत नाही, कारण वानरं रात्री झाडावर झोपतात. अंधारात वावरात उतरत नाहीत. सशाला हे माहीत आहे, तो रात्रीच तर हिंडतो. मग दुसरा धागा: जागलीवरचा गावरान कुत्रा रात्रभर भुंकला नाही. तिसरा: त्याच कुत्र्याच्या मिशांना राख लागलेली, आणि बांधाच्या आडोशाला जळक्या काडीकुडीचा वास. उलगडा असा की जागल करणाऱ्यानंच गावातल्या चार पोरांना बोलावून हुळा भाजून खाल्ला आणि कुत्र्यालाही वाटा दिला. गुन्हा केवढा, तर कोवळ्या हरभऱ्याएवढा. पण वानरांवर खोटा आळ आला होता, तो उतरला. वऱ्हाडातलं कुठलंही पोर ‘रात्री वानरं’ हे शब्द ऐकताच ताठ बसेल, बघ. हेच तुला साधायचं आहे. धागा पोराच्या माहितीतला हवा आणि तो उघड्यावर ठेवलेला हवा. सशाला जे दिसलं ते वाचणाऱ्यालाही त्याच वेळी दिसू दे. शेवटच्या पानावर अचानक नवीन पुरावा काढलास तर पोरांना फसवल्यासारखं वाटतं, आणि एकदा फसलेलं पोर पुढची गोष्ट ऐकायला बसत नाही.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगते. चोर कोण ठरवतेस, याला फार जप. तुझ्या गोष्टीत गावाबाहेर पाल ठोकून राहिलेला भटका माणूस चोर निघतो. बाई, हे बदल. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं कितीतरी जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो शिक्का १९५२ साली कायद्यातून पुसला, पण गावाच्या नजरेतून पुसायला अजून वेळ लागतो आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यात फासेपारधी समाजाची वस्ती आहे, त्यांची लेकरं शाळेत येतात. गोष्ट ऐकताना त्यातल्या एखाद्या लेकराकडं बाकीच्यांनी वळून पाहिलं, तर तुझी सगळी मेहनत फुकट गेली. आणि खरं सांगू? पाऊल कुणाचं, किती जुनं, कुठल्या दिशेचं, हे या रानात पारध्यांइतकं नेमकं वाचणारं दुसरं कोण होतं? तुझ्या गोष्टीत सशाची भाषा ओळखणारी पोरगी हवीच असेल तर ती पारध्याची लेक असू दे.

जनावरांच्या बाबतीतही तसंच. घुबड अशुभ, कोल्हा लबाड, साप दुष्ट, काळी मांजर अपशकुनी, हे ठसे पोरांच्या मनावर आपणच उमटवतो. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान एका पातळीवर नसतात. एक थोडा वर, एक थोडा खाली. त्यामुळे आवाज एका कानाला किंचित आधी, किंचित वेगळा पोचतो आणि काळ्याकुट्ट अंधारात उंदीर नेमका कुठं आहे ते त्याला कळतं. धान्याच्या कोठाराची इतकी चोख राखण करणारं पाखरू आपण दगड मारून हाकलतो. त्याला तुझ्या गोष्टीत मानाची जागा दे. कावळ्यालाही दे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी विशिष्ट मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढं वर्षानुवर्षं कावळे तो मुखवटा दिसला की कलकलाट करत. चेहरा न विसरणारा साक्षीदार तुझ्या शाळेच्या कौलावर रोज बसलेला असतो.

घुबडावरून आठवलं, पोरांना एक खरं रहस्य जरूर सांग. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कुणालाच मिळाला नव्हता, पण एका नामांकित इंग्रज पक्षी-संग्राहकाच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेत मिळवल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना होता. पॅमेला रासमुसेन या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बारकाईनं तपासला. कातडं भरण्याची, टाके घालण्याची तऱ्हा त्या संग्राहकाची नव्हतीच; ती आधी खानदेशात नमुने गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसनची होती. म्हणजे तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता आणि चिठ्ठी खोटी होती. खोटा पत्ता बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सोबती जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागं गेले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी! पुढं तो आपल्या मेळघाटातही सापडला. आणि हा पक्षी दिवसाउजेडी हिंडतो. टाक्यांवरून चोरी उघडी पडते आणि खऱ्या पत्त्यावरून हरवलेला पक्षी सापडतो, यात काय नाही?

आता लिहिण्यातलं एक गुपित. प्राण्याला सगळं कळतं आणि तो ते माणसाच्या भाषेत बोलूनही दाखवतो, असं झालं की ओढ संपते. प्राण्याला कळतं पण सांगता येत नाही, पोराला सांगता येतं पण कळत नाही, अशी जोडी जमव. मुंबई पोलिसांचा झंजीर हा लॅब्राडॉर आठव. १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून दिलं. २००० साली तो गेला तेव्हा त्याला पोलिसी इतमामात निरोप दिला. त्याला स्फोटक म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. त्याला वास ठाऊक होता. त्याचं थांबणं, बसणं, बघणं वाचणारा हवालदार शेजारी होता म्हणून हजारो माणसं वाचली. तुझ्या सशाशेजारी एक पोरगी उभी कर. ससा दबून बसला की तिनं विचार करायचा, हा का दबला? वाचणारी पोरंही तिच्यासोबत तोच विचार करतील. टिटवी ओरडली, तर कुणाला पाहून? वानरानं खर्र केलं, तर झाडाखाली काय असेल? उत्तर चुकलं तरी चालेल, पुढच्या पानावर सुधारता येतं.

भीती किती घालायची, हेही विचारलं होतंस. तिसरी-चौथीच्या पोरांना खून नको, रक्त नको. काहीतरी हरवलंय, एवढं पुरे. शेळीचं करडू, पालखीतली छोटी घंटा, आजीचा चष्मा, आमराईतला घुंगरांचा बैल. हरवण्याची हुरहुर पोरांना पुरेशी असते आणि सापडण्याचा आनंद फार मोठा असतो. चोरी भुकेपोटी झाली असेल तर तेही मोकळेपणी सांग. पोरं न्याय फार सरळ करतात, आणि दयाही. एवढं मात्र कर की नायिका सापाला हात लावणार नाही, बिबट्याच्या मागं एकटी जाणार नाही, विहिरीत वाकणार नाही. गोष्टीतलं धाडस पोरं उद्याच करून बघतात.

भाषेचं म्हणशील, तर निवेदन तुझं पुस्तकी मराठीत असू दे, पण बोलताना पात्रांना वऱ्हाडी बोलू दे. पोरांच्या घरात जी भाषा आहे ती पुस्तकात दिसली की त्यांची मान ताठ होते. याच आपल्या जिल्ह्यात, रिद्धपुरात, महानुभावांनी मराठी गद्याचा पाया घातला. चक्रधर स्वामींचे दृष्टांतही रोजच्या बोलण्यातले आहेत. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत त्यांतलाच; ज्याच्या हाती जो भाग लागला, त्याला हत्ती तसाच वाटला. तुझ्या सशाचं काम हेच आहे, प्रत्येकाच्या हातातला तुकडा खरा मानायचा आणि सगळे तुकडे जोडून अख्खा हत्ती उभा करायचा.

तेव्हा आता असं कर. बियाण्याचं पोतं राहू दे, ससा राहू दे. कोट, भिंग आणि पाल काढून टाक. एका संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन बस आणि सशाला त्या जागी काय ऐकू येईल, कशाचा वास येईल, तो कुणाला घाबरेल, याची यादी कर. त्या यादीतूनच तीन धागे निवड. मग पुन्हा लिही आणि वर्गात वाचून दाखव. उलगड्याच्या आधीच्या पानावर वही मिट आणि विचार, सांगा, कोण? प्रत्येकाला कारणासकट सांगू दे. मागच्या बाकावरच्या गप्प पोरीला आधी विचार, तिनं बरंच पाहिलेलं असतं. गोष्ट नीट उतरली की बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाला पाठव. १९७१पासून ते पोरांसाठी निघतं आहे. आणि वर्गातल्या पोट्ट्यांनी चोर आधीच ओळखला, तर हिरमुसू नको. त्यांचं उत्तर बरोबर आलं, म्हणजे तुझी गोष्ट बरोबर आली.